फाळणीतील विद्यार्थी आरोग्यसेवा

१९४७ च्या फाळणीत पंजाब आणि दिल्लीतील निर्वासित छावण्यांत विद्यार्थ्यांनी केलेले शुश्रूषेचे व रोगप्रतिबंधाचे काम. यात वैद्यकीय विद्यार्थी होते, तसे कला-विज्ञान शाखांचे आणि समाजकार्य शिकणारेही होते. या फाळणीत सुमारे दीड कोटी माणसे विस्थापित झाली. मृतांचे अंदाज दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत जातात.

हत्याकांडातील जखमींवर उपचार करणे हा या कामाचा डोळ्यांत भरणारा भाग. व्याप मात्र साथींचा मोठा होता. त्या सप्टेंबरअखेर पंजाबातील नद्यांना पूर आले आणि पायी निघालेले काफिले त्यात सापडले. दूषित पाणी, उपासमार आणि उघड्यावरचा मुक्काम यांतून पटकी (कॉलरा) फैलावली. पटकीच्या रोग्याला तेव्हा शिरेतून सलाईन द्यावे लागे आणि ते देणारे हात थोडे होते. तोंडाने द्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्याचा छावणीतला मोठा प्रयोग डॉ. दिलीप महालनबीस यांनी केला तो १९७१ मध्ये, पश्चिम बंगालातील बनगावच्या बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत. त्यामुळे १९४७ मध्ये सारी भिस्त लस आणि स्वच्छ पाण्यावर होती. या दोन्ही कामांना डॉक्टरीच्या पदवीपेक्षा माणूसबळ अधिक लागते. रांगा लावणे, सुया उकळणे, टोचलेल्यांची नोंद ठेवणे, विहिरींत औषध टाकणे, चराचे संडास खोदून घेणे, दूध वाटणे ही कामे थोड्या शिकवणीवर जमतात. म्हणूनच विद्यार्थ्यांचा उपयोग झाला.

डॉक्टरांच्या तुटवड्याचे एक कारण खुद्द फाळणीच होती. पंजाबातील वैद्यकीय शिक्षणाचे मुख्य केंद्र लाहोर. किंग एडवर्ड मेडिकल कॉलेज आणि मेयो रुग्णालय तिथलेच. हिंदू व शीख डॉक्टर, अध्यापक आणि विद्यार्थी तेथून निघाले, आणि पूर्वेकडे अमृतसरच्या ग्लॅन्सी मेडिकल कॉलेजवर भार आला. लाहोरच्या वॉल्टन छावणीत येणाऱ्या मुस्लिम निर्वासितांसाठी तिथेही परिचारिकांची वाण पडली आणि स्त्री-स्वयंसेविका पुढे आल्या. सेवा करणारा विद्यार्थी अनेकदा स्वतःच घर गमावलेला असे.

दिल्लीत सप्टेंबरच्या दंगलींनंतर पुराना किल्ला आणि हुमायूनच्या कबरीच्या आवारात शहरातील मुस्लिमांनी आसरा घेतला. जामिया मिल्लिया या दिल्लीच्या शिक्षणसंस्थेची मंडळी तिथे मदतीला होती. भारतातील सर्वांत मोठी छावणी कुरुक्षेत्राची. ती सुमारे एक लाख माणसांसाठी आखली होती, पण त्याच्या तिप्पट माणसे तिथे येऊन राहिली. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने आपले विद्यार्थी व अध्यापक या छावणीत पाठवले. दवाखान्याच्या तंबूपर्यंत न पोचणारे आजारी शोधणे हे अशा कार्यकर्त्यांचे खरे क्षेत्र. पळवून नेलेल्या वा अत्याचार सोसलेल्या स्त्रिया दुखणे सांगतही नसत, आणि तिथे कुपीतले औषध पुरे पडत नाही.

या सेवेला एक व्यवहारी बाजूही होती. ऑक्टोबर १९४७ मध्ये स्थापन झालेल्या पूर्व पंजाब विद्यापीठापुढे परीक्षा कुठे आणि कशा घ्यायच्या हाच प्रश्न होता. निर्वासित छावणीतील समाजसेवा परीक्षेऐवजी ग्राह्य धरून पदवी देण्याचा मार्ग त्याने स्वीकारला. तेव्हा छावणीत दिसणारा प्रत्येक तरुण निव्वळ सेवाभावाने आला होता, असे म्हणता येत नाही. लस टोचून घेणाऱ्याला अर्थात त्याचे सोयरसुतक नव्हते.

या काळातील ज्येष्ठ कार्यकर्त्यांत गांधीजींच्या डॉक्टर सुशीला नय्यर यांचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. ऑगस्ट १९४७ च्या आरंभी गांधीजींनी रावळपिंडीजवळच्या वाह छावणीला भेट दिली आणि तेथील भेदरलेल्या हिंदू-शीख निर्वासितांच्या सेवेसाठी सुशीलाबाईंना मागे ठेवले. पुढे १९६९ मध्ये त्यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था काढली. तिथल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आरंभी आश्रमात राहावे लागते आणि नंतर एक गाव दत्तक घेऊन तिथे मुक्काम करावा लागतो.