‘फ्री’ लिहिलं म्हणून मेल स्पॅममध्ये जातो?

सिझनच्या तोंडावर गोव्यातल्या होमस्टेवाल्यांच्या ग्रुपवर हा फॉरवर्ड हमखास येतो: सब्जेक्टमध्ये ‘फ्री’, ‘ऑफर’ लिहिलं की मेल थेट स्पॅममध्ये. पूर्वीचे फिल्टर शब्दांवर बराच भर द्यायचे, म्हणून हे पटतंही. आता मात्र नुसत्या एका शब्दावरून सहसा ठरत नाही, आधी बघतात पाठवणारा खरा आहे का. म्हणजे तुमच्या काणकोणच्या होमस्टेचं डोमेन (मेलच्या पत्त्यात @ नंतर येणारं स्वतःचं नाव) असेल तर त्याच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या इंटरनेटवरच्या नोंदींत, एसपीएफ हवं, कुठला सर्व्हर तुमच्या नावाने मेल पाठवू शकतो ते सांगायला, मेलवर डिजिटल सही म्हणजे डीकेआयएम हवं, आणि हे जुळलं नाही तर काय करायचं ते सांगणारं डीमार्क. शिवाय आधीच्या मेलना किती जणांनी स्पॅम म्हटलंय तेही मोजतात, त्यामुळे विकत घेतलेल्या यादीवर पाठवत असाल तर हे सगळं करूनही अडकाल.

तपासायचं तर होमस्टेच्या पत्त्यावरून स्वतःच्याच जीमेलवर एक मेल पाठवा, कॉम्प्युटरवर उघडा, तीन टिंबांमध्ये ‘शो ओरिजिनल’ असतं ते दाबा, तिन्हींपुढे ‘पास’ दिसायला हवं. फेल असेल तर ‘ऑफर’ शब्द काढून परत पाठवून बघा, फेलच राहील. मग तो स्क्रीनशॉट डोमेन सांभाळणाऱ्याला पाठवा.