लंडनच्या जुन्या डबलडेकर : क्रमांक आणि सांगाडा

लंडनच्या जुन्या दुमजली बसचा बॉनेटवरचा (म्हणजे इंजिनाच्या झाकणावरचा) क्रमांक वाचून ती मुळात कोणती गाडी, हे सांगता येत नाही. युद्धोत्तर काळात शहरभर धावलेली आरटी आणि तिच्या जागी आलेली रूटमास्टर (१९५४ ते १९६८ दरम्यान २,८७६ गाड्या), दोघींचीही हीच गत.

याचे मूळ लंडनजवळच्या ऑल्डनहॅमच्या कारखान्यात आहे. ही इमारत खरे तर भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न मार्गाचा डेपो व्हायची होती. मार्गाचा विस्तार बारगळला, युद्धकाळात तिथे हॅलिफॅक्स बॉम्बर विमानांचे भाग तयार झाले आणि १९५६ पासून तिथे बसची संपूर्ण दुरुस्ती होऊ लागली. दर काही वर्षांनी प्रत्येक गाडी इथे यायची. क्रेनने बॉडी चासीवरून (चाके-इंजिन असलेल्या खालच्या सांगाड्यावरून) उचलायची, चासी एका रांगेत, बॉडी दुसऱ्या रांगेत. पोटाखालचा मळ धुता यावा म्हणून अख्खी बॉडी भल्यामोठ्या चौकटीत बसवून आडवी फिरवत. बॉड्या एकाच मापाच्या असल्याने तयार चासीवर जी बॉडी आधी तयार होईल ती चढे. रूटमास्टरला स्वतंत्र चासी नव्हती. अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीला पुढे-मागे उपचौकटी जोडलेल्या. पण ऑल्डनहॅममध्ये त्याही सुट्या होत आणि भलत्याच बॉडीखाली जात.

यात कारकुनी हिशेबाची भर पडली. गाडी आठवडेच्या आठवडे कारखान्यात पडून राहिली, तर तिच्या परवान्याचे पैसे वाया जाणार. म्हणून गाडी आत आली की तिची पाटी, क्रमांक आणि कागद बाहेर पडायला तयार असलेल्या दुसऱ्याच गाडीला द्यायचे. कागदावर बस लगेच परतलेली. प्रत्यक्षात ती निनावी होऊन आत उभी. पुढे बाहेर पडताना तिला आणखी कुणाचे तरी नाव मिळे. सुरुवातीच्या रूटमास्टरच्या वरच्या मजल्यावरील पुढच्या खिडक्या उघडत नसत. तशा न उघडणाऱ्या खिडक्या पुढे बऱ्याच नंतरच्या क्रमांकांच्या गाड्यांवर दिसू लागल्या. जाणकार म्हणूनच बॉनेट सोडून बॉडीच्या स्वतंत्र क्रमांकाची छोटी पट्टी शोधतात.

१९८६ मध्ये कारखाना बंद झाला. त्याच वर्षी लंडनबाहेरची बससेवा स्पर्धेला खुली झाल्यावर स्कॉटलंडच्या कंपन्यांनी जुन्या रूटमास्टर घेतल्या. डंडीत स्ट्रॅथटे या कंपनीच्या निळ्या-नारिंगी रंगात त्या धावल्या. आता प्रकार उलटा झाला. ब्रिटनमध्ये नोंदणी क्रमांक विकता येतो आणि व्हीएलटी, डब्ल्यूएलटी अशा वर्षाचे अक्षर नसलेल्या, म्हणून गाडीचे वय न सांगणाऱ्या पाट्यांना मागणी होती. पाटी काढून दुसऱ्या गाडीला लागली, म्हाताऱ्या बसला नवा क्रमांक मिळाला.  

सांगाडाही जसाच्या तसा राहिला नाही. १९९० मध्ये दहा रूटमास्टरच्या मधोमध जादा तुकडा घालून त्या लांब केल्या, पर्यटकांसाठी छपरे काढली. कित्येकींची मूळ इंजिने जाऊन कमिन्सची किंवा इव्हेकोची आली. आरटी शेकड्यांनी सिलोनला गेल्या. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाची विद्यार्थी चालवत असलेली बससेवा १९६८ मध्ये लंडनच्या दोन दुमजली गाड्यांवर सुरू झाली. बऱ्याच रूटमास्टर मात्र थेट भंगारात गेल्या.

९ डिसेंबर २००५ रोजी १५९ क्रमांकाच्या मार्गावर रूटमास्टरची नियमित सेवा संपली. उरलेल्या आता लग्नाच्या वरातीत दिसतात. वर्षातून एकदा इंग्लंडमधल्या वॉरमिन्स्टरहून इंबर या १९४३ पासून ओस पडलेल्या गावालाही त्या प्रवासी नेतात. जुनी गाडी घेणारे हौशी लोक खटपट करून तिचा ‘मूळ’ क्रमांक परत मिळवतात. ऑल्डनहॅममधून गेलेल्या गाडीबाबत तो क्रमांक पहिल्यांदा ज्या बॉडीवर लागला, ती बहुधा दुसरीच असते.