फेस, दाढीच्या साबणाचा

दाढीचा साबण, पाणी व हवा ब्रशाने घोटून तयार होणारा बारीक बुडबुड्यांचा, दाट व काही मिनिटे न ओसरणारा थर. अंगाच्या किंवा कपड्यांच्या साबणाकडून मळ काढण्याची अपेक्षा असते. येथे ती दुय्यम आहे. दाढीच्या फेसाची मुख्य कामे दोन : केसांत मुरलेले पाणी उडू न देणे आणि पाते व त्वचा यांच्यामध्ये निसरडा थर राखणे. केस मऊ होतात ते पाण्याने, साबणाने नव्हे. जुन्या वर्णनांत हे बरेचदा उलटे मांडलेले दिसते. भिजलेल्या केसातील केराटिन या प्रथिनाचे हायड्रोजन बंध सैल होतात, केस जाडीने फुगतो आणि कापायला कमी जोर लागतो. यात साबणाचा वाटा एवढाच, की तो केसावरचा तेलकट लेप काढून पाण्याला आत शिरायला वाट करून देतो. वस्तऱ्याच्या काळात धोकटी घेऊन घरोघर फिरणारा न्हावी पुष्कळदा साबणाला हातही न लावता नुसते पाणी चोळून चोळून दाढी भिजवीत असे, ते याच तत्त्वावर. पाणीच वगळले तर काय होते, हे बिनपाण्याने हजामत झालेल्यालाच विचारावे.

इतिहास : दाढी करणे साबणापेक्षा कितीतरी जुने आहे, त्यामुळे दोहोंची सांगड केव्हा बसली हे ठरवणे अवघड जाते. बॅबिलोनियात इ.स.पू. सु. २८०० च्या मातीच्या नळकांड्यांत साबणासारखा पदार्थ मिळाल्याचा उल्लेख संदर्भग्रंथांतून वारंवार येतो. तो ग्राह्य धरला, तरी त्या पदार्थाचा उपयोग दाढीसाठी होत असे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. रोमन लेखक थोरला प्लिनी (इ.स. पहिले शतक) याने चरबी व राख यांपासून गॉल (आजचा फ्रान्स व आसपासचा प्रदेश) येथील लोक करीत असलेल्या साबणाचे वर्णन केले आहे, परंतु त्याच्या मते त्याचा उपयोग केस तांबूस करण्यासाठी होई. रोमजवळच्या ‘सापो’ नावाच्या टेकडीवर यज्ञबळींची चरबी व राख पावसाने वाहून साबण बनला, ही कथा लोकप्रिय असली तरी निराधार मानणेच इष्ट.

दाढीसाठी साबण व ब्रश यांची जोडी अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फ्रान्समध्ये रूढ झाली असावी, असे सर्वसाधारण मत आहे. त्याआधी व नंतरही बराच काळ साबणाच्या सुगंधी गोळ्या हाताने चोळून फेस काढीत. पॅरिसमधील चाकू-वस्तरे घडवणारा कारागीर झां-झाक पेरे याने १७६९-७० च्या सुमारास स्वतःची दाढी स्वतः करण्याच्या कलेवर पुस्तक लिहिले. हे काम तोवर बहुतांशी न्हाव्याकडेच असल्याने फेसाची उठाठेव गिऱ्हाइकाने करण्याचा प्रश्नच नव्हता.

खास दाढीचा म्हणून बनवलेला पहिला साबण कोणाचा, याबद्दल वाद आहे. अमेरिकेत दोन दावे पुढे येतात. पहिला कनेटिकट राज्यातील जेम्स बेकर विल्यम्स यांचा. त्यांच्या व्यवसायाची सुरुवात १८४० ची सांगितली जाते. दुसरा न्यूयॉर्कच्या व्रूम अँड फाउलर यांच्या अक्रोड तेलाच्या ‘मिलिटरी शेव्हिंग सोप’चा, तोही साधारण त्याच काळातला. परंतु लंडनमधील सुगंधी द्रव्यांचे व्यापारी याच्या कितीतरी आधीपासून दाढीकरिता साबण विकत होते. पारदर्शक साबणासाठी प्रसिद्ध असलेले अँड्र्यू पिअर्स हे मूळचे न्हावीच, आणि त्यांचा साबण १८०७ च्या सुमारास बाजारात आला. तेव्हा ‘पहिला’ हा शब्द ‘कारखान्यात मोठ्या प्रमाणावर काढलेला व नावानिशी खपवलेला पहिला’ एवढ्या मर्यादित अर्थाने घेतला, तरच अमेरिकन दावे टिकतात. नेमके कोणते वर्ष हा प्रश्न, प्रस्तुत लेखकाच्या मते, चरबीतून मिळणाऱ्या स्टिअरिक अम्लाइतका महत्त्वाचा नाही.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मीशेल अझेन शव्हरल यांनी चरबीच्या घटनेवरील आपले संशोधन १८२३ मध्ये ग्रंथरूपाने मांडले व स्टिअरिक अम्लासह अनेक वसाम्ले (चरबी व तेले यांतील अम्ले) वेगळी करून दाखवली. १८२५ मध्ये त्यांनी गे-ल्युसॅक यांच्यासह वसाम्लांपासून मेणबत्त्या बनवण्याचे एकस्व (पेटंट) घेतले. पुढे मेणबत्तीच्या धंद्यामुळे स्टिअरिक अम्ल मुबलक मिळू लागले. आज ज्याला दाढीचा साबण म्हणतात त्याचा कणा हेच अम्ल आहे. त्याआधीचे साबण म्हणजे चरबीचे वा ऑलिव्ह तेलाचे साधे साबणच होते; त्यांचा फेस लवकर बसत असणार.

रासायनिक घटना : साध्या वडीच्या साबणात वसाम्लांचे सोडियम लवण असते. दाढीच्या साबणात साबणीकरणासाठी (वसेचा साबण करण्यासाठी) दाहक सोड्याबरोबर (सोडियम हायड्रॉक्साइड) दाहक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) वापरतात व बहुधा पोटॅशचेच प्रमाण जास्त ठेवतात. पोटॅशियमचे साबण मऊ व पाण्यात अधिक विद्राव्य असल्याने ब्रशाला चटकन लागतात. सोडियमच्या भागामुळे वडीला कठीणपणा येतो. वसेच्या बाजूने स्टिअरिक व पामिटिक ही लांब साखळीची अम्ले आणि खोबरेलातून येणारी लॉरिक व मिरिस्टिक ही आखूड साखळीची अम्ले असा मेळ असतो. आखूड साखळीचा साबण पटकन, भरपूर, पण मोठ्या बुडबुड्यांचा आणि अल्पायुषी फेस देतो. लांब साखळीचा साबण फेसायला वेळ घेतो, पण त्याचा फेस बारीक व चिवट असतो. खोबरेल फार झाले तर फेस गालावर चढतो आणि वस्तरा दुसऱ्या गालाकडे वळेपर्यंत विरतो, शिवाय कातडी ओढल्यासारखी कोरडी पडते. म्हणून स्टिअरिक अम्लाचे प्रमाण खोबरेलाच्या दुप्पट-तिप्पट ठेवण्याकडे कल असतो. ग्लिसरीन ओलावा धरून ठेवते.

सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे थोडे स्टिअरिक अम्ल साबणीकरण न होता मोकळे राहू देणे. मोकळे अम्ल व त्याचा साबण यांचे ‘अम्लसाबण’ नावाचे संयुग होते. ते बुडबुड्याच्या पडद्यावर दाटीने रचले जाऊन पडदा ताठ करते, मधले पाणी निथळणे मंदावते. याच संयुगाच्या सूक्ष्म स्फटिकांमुळे काही साबणांना व क्रीमना मोत्यासारखी झाक येते.

तापमानाचा परिणाम स्टिअरेटांवर, म्हणजे स्टिअरिक अम्लाच्या साबणांवर, विशेष जाणवतो. प्रत्येक साबणाला एक किमान तापमान असते (क्राफ्ट बिंदू). त्याखाली तो फारसा विरघळत नाही व त्याचे मायसेल (साबणाच्या रेणूंचे पुंजके) बनत नाहीत. लॉरेटांचा (लॉरिक अम्लाच्या साबणांचा) हा बिंदू खाली असल्याने थंड पाण्यातही खोबरेलाचा भाग फेसतो, मात्र स्टिअरेट तसाच पडून राहतो. थंडीच्या दिवसांत बंबातले कढत पाणी घेणाऱ्याचा फेस अधिक दाट येतो, तो यामुळे. तथापि फार गरम पाण्याने पडद्यांतील द्रव पातळ होऊन लवकर निथळतो, तेव्हा हाताला सोसेल इतकी ऊब पुरे.

पाण्याची दुष्फेनता (जडपणा) : फेस न येण्याचा दोष नेहमी पाण्यावर टाकला जातो. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे आयन साबणाशी संयोग पावून अविद्राव्य साका बनवतात, हे खरे. दख्खनच्या पठारावर विहिरीचे वा बोअरचे जड पाणी वापरणाऱ्यांना बादलीच्या काठावरचा तो पांढुरका थर चांगला परिचित आहे. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात एकूण दुष्फेनता (कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात) लिटरला २०० मिग्रॅ. पर्यंत असावी, व दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिग्रॅ. पर्यंत चालते.

परंतु दाढीला पाणी लागते किती? ३०० मिग्रॅ. दुष्फेनतेचे २० मिलि. पाणी फेसात गेले असे धरू. त्यात ६ मिग्रॅ. कॅल्शियम कार्बोनेटाइतकी दुष्फेनता असते, आणि ती हिशेबाने सु. ३९ मिग्रॅ. पोटॅशियम स्टिअरेट निकामी करते. ब्रशावर एक ग्रॅम साबण चढला असेल, तर हे नुकसान जेमतेम चार टक्के. ६०० मिग्रॅ. च्या पाण्यातही ते आठ टक्क्यांच्या आत राहते. म्हणजे जड पाण्याने साबण संपतो हे कारण अपुरे पडते. खरा अपाय साका करतो : त्याचे जलविरोधी कण बुडबुड्यांच्या पडद्यांत घुसून त्यांना भोके पाडतात. साबण सढळ हाताने घेतला की मोकळा साबण या कणांवर मात करतो. बऱ्याच तक्रारी पाण्याच्या नसून साबण कमी चढल्याच्या असतात, असे यावरून दिसते. पाणी उकळून गार केल्यास अस्थायी दुष्फेनता जाते. स्थायी दुष्फेनता मात्र तशीच राहते.

तुरटीचा प्रश्न वेगळा आहे. तिच्यातील ॲल्युमिनियम आयन साबणाचा साका तर करतातच, शिवाय तुरटीचे द्रावण आम्लधर्मी असल्याने साबणातून वसाम्ल सुटे होते. दाढीनंतर कातडीवर फिरवायचा खडा त्याच मगात बुडवला आणि त्याच पाण्याने दाढीचा दुसरा हात फिरवू म्हटले, तर ब्रशावरचा फेस बघता बघता मोडून त्याच्या गुठळ्या होतात.

फेस काढणे : ब्रश कोमट पाण्यात भिजवतात व झटकून किंवा हलके पिळून जादा पाणी काढतात. वडीवर तो गोल फिरवला की आधी मोठे, पातळ बुडबुडे येतात. ते फसवे असतात व नवखा माणूस तिथेच थांबतो. केसांच्या टोकांना लापशीसारखा साबण चिकटेपर्यंत, म्हणजे निदान वीस-तीस सेकंद, फिरवत राहावे लागते. पुढचे काम वाटीत किंवा थेट गालावर होते. येथे पाणी थेंबाथेंबाने वाढवायचे : ब्रशाची टोके पाण्याला लावायची, घोटायचे, पुन्हा लावायची. साबण तेवढाच राहतो, पाणी व हवा वाढत जाते. पाणी कमी असताना फेस पांढराफेक, निस्तेज व फुगीर दिसतो. बघणाऱ्याला तोच उत्तम वाटतो. पण पाते त्यावर अडखळते आणि तो गालावरच वाळू लागतो. पाणी पुरेसे झाले की फुगवटा थोडा उतरतो, पृष्ठावर ओली चकाकी येते, डोळ्यांना सुटा बुडबुडा दिसत नाही आणि चिमटीत घेऊन बोटे एकमेकांवर घासली तर ती विनासायास सरकतात. पाणी त्याहून वाढले की बुडबुडे मोठे होतात, फेस हनुवटीवरून ओघळतो. अशा वेळी ब्रश पुन्हा वडीवर फिरवणे हाच इलाज. नुसते जोराने घोटून उपयोग होत नाही.

फेस ओसरण्याच्या पद्धतीवर भौतिकीत स्वतंत्र अभ्यास झाला आहे. लहान बुडबुड्यातील दाब मोठ्यातील दाबापेक्षा जास्त असल्याने वायू पडद्यातून झिरपून मोठ्याकडे जातो, आणि लहान नाहीसे होत मोठे वाढत राहतात. ड्युरियन, वाइट्झ व पाइन यांनी १९९१ मध्ये प्रकाशाच्या विखुरण्यावरून याचे मापन केले, त्यासाठी डब्यातला तयार दाढीचा फेसच वापरला होता; त्यात वायूचे प्रमाण आकारमानाने सु. ९२ टक्के असते. ब्रशाच्या फेसात ते कमी असते, म्हणून तो हाताला जड लागतो.

ब्रश : केसांत बिजू, डुक्कर व घोडा या प्राण्यांचे केस आणि कृत्रिम तंतू असे प्रकार आहेत. बिजूचे केस पाणी जास्त धरतात. डुकराचे राठ असून वापरागणिक टोकांशी दुभंगतात व मऊ होतात. नवा ब्रश पहिले काही दिवस फेस ‘खातो’ तो यामुळे. कृत्रिम तंतू पाणी शोषत नाहीत, ते तंतूंच्या फटींत राहते, म्हणून अशा ब्रशाला सुरुवातीला पाणी कमी द्यावे लागते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रशाला एक काळा अध्याय जोडला गेला. युरोपातून येणारे बिजू व डुकराचे केस दुर्मिळ झाल्यावर आशियातून आणलेले घोड्याचे केस वापरले गेले, आणि नीट निर्जंतुक न केलेल्या ब्रशांमुळे ब्रिटिश व अमेरिकन सैनिकांत, तसेच नागरिकांतही काळपुळीची (अँथ्रॅक्स) लागण झाली. पात्याने पडलेल्या बारीक जखमांतून जंतूंचे बीजाणू शरीरात शिरत. काही रोगी दगावले. त्या बीजाणूंवर साबणाच्या फेसाचा किंवा कोमट पाण्याचा काहीच परिणाम होत नाही. ब्रिटनने १९२० मध्ये जपानी बनावटीच्या दाढीच्या ब्रशांच्या आयातीवर बंदी घातली.

भारत : चरबीविषयीच्या धार्मिक संकोचामुळे वनस्पती तेलांच्या साबणाला येथे विशेष महत्त्व आले. अर्देशिर गोदरेज यांच्या कारखान्याचा ‘चावी’ साबण १९१८ च्या सुमाराचा. प्राण्यांच्या चरबीविना बनलेला तो जगातील पहिला साबण होता असे सांगतात, पण ऑलिव्ह तेलाचे साबण भूमध्य सागराच्या काठी कित्येक शतके होत होते; वनस्पती तेलाच्या साबणाचे भारतातील व्यापारी उत्पादन एवढाच अर्थ घेणे सुरक्षित. दाढीकरिता गोल वडी, कांडी व पुढे नळीतले क्रीम असे प्रकार प्रचारात आले. रिठ्याचा फेस विपुल असला, तरी तो सॅपोनिनांचा, म्हणजे वनस्पतींतील फेसाळ द्रव्यांचा. त्यात स्टिअरेटाचा निसरडेपणा नसल्याने पात्याखाली तो उपयोगी पडत नाही.

क्रीम म्हणजे तत्त्वतः जास्त पाण्याचा व जवळपास संपूर्ण पोटॅशियमचा साबण. फेसाचे नियम तेच. ब्रशाविना वापरायची क्रीम अमेरिकेत १९१९ नंतर (बार्बासॉल) लोकप्रिय झाली. ती फेसत नसल्याने या नोंदीच्या कक्षेबाहेर आहेत. दाबाच्या डब्यातील तयार फेस १९४९ च्या सुमारास अमेरिकेत आला. आज महाराष्ट्रातील बहुतेक सलूनमध्ये नळीतले क्रीम, नायलॉनचा ब्रश व पाण्याची फवारणी यांवर काम चालते. गिऱ्हाईक बदलले की ब्रश गरम पाण्याने धुऊन, झटकून, केस खाली करून टांगलेला असावा, एवढी अपेक्षा रास्त आहे.