काठीची ताकद सालीत

बांबूची काठी आडवी कापून टोक नीट पाहा. फिकट गरात बारीक काळसर ठिपके दिसतील. आत ते विरळ, सालीकडे येता येता दाट होत जातात. हे ठिपके म्हणजे तंतूंचे जुडगे. काठीवर भार देऊन ती वाकली की सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या थरावर येतो, आणि बांबूने आपले सगळ्यात बळकट तंतू नेमके तिथेच मांडलेले असतात.

नक्षीकाराची खरी अडचण इथे आहे. त्याला जिथे कोरायचे, तिथेच काठीचे बळ! काठीभोवती आडवी खोल खाच मारली तर तंतू तुटतात आणि जोर पडताच काठी तिथेच मोडते. तंतूंच्या दिशेने गेलेली उभी रेघ त्या मानाने निर्धोक.

बस्तरमधल्या नारायणपूर भागातल्या मुरिया गोंड कारागिरांची रीत मला म्हणूनच फार शहाणपणाची वाटते. ते लोखंडी पाते निखाऱ्यात तापवून सालीवर टेकवतात. वरचा पातळ थर करपतो आणि तपकिरी-काळी रेघ उमटते. बांबूच्या गुळगुळीत सालीत मेण आणि सिलिका असते, तिच्यावर रंग नीट धरत नाही. डाग मात्र कायमचा राहतो. हवेत फिरवताच वाजणारी 'सुलुर' बासरी अशीच सजवतात. ती बनवणारे पंडीराम मंडावी यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

काठीसाठी मात्र भरीव बांबू हवा: कोरड्या डोंगरउतारावरचा मानवेल किंवा कोकणातला माणगा. वाकडी काठी आगीवर शेकून सरळ करतात. उष्णतेने तंतूंना जोडणारे लिग्निन मऊ पडते आणि दाबून धरलेली काठी गार झाली की त्याच आकारात घट्ट होते.

बांबू काही महिन्यांतच पूर्ण उंच होतो, पण तेव्हा तो कोवळाच असतो. तंतू जून व्हायला साधारण तीन वर्षे लागतात. घाईने तोडलेली काठी वाळताना सुरकुतते. शिवाय बांबूत पिठूळ पदार्थ असतो आणि भुंगा त्याच्याच मागे येतो. म्हणून तोडलेले बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवतात. तो पदार्थ बराचसा निघून जातो आणि सावलीत वाळवलेली काठी पोखरली जाण्याची भीती बरीच कमी होते.