जुळ्यांची ताटातूट

रत्नागिरीजवळच्या काही किनाऱ्यांवर काळ्या वाळूचे पट्टे दिसतात. तो काळेपणा मुख्यतः इल्मेनाइट या खनिजाचा. केरळात चवऱ्याला आणि तमिळनाडूत मनवलकुरिचीला अशाच वाळूत मोनाझाइटचे पिवळसर-तपकिरी दाणेही भरपूर असतात. 1909 मध्ये एका जर्मन रसायनतज्ज्ञाने ते हेरले, कारण गॅसबत्तीच्या मेंटलला, म्हणजे ज्योतीवरच्या जाळीला, लागणारा थोरियम हा किरणोत्सारी धातू त्यात असतो. लग्नाच्या मांडवात भकभकणारी ती बत्ती आठवते ना, तीच!

मोनाझाइट म्हणजे फॉस्फेट. निम्म्याहून जास्त वजन दुर्मिळ मृदा धातूंच्या ऑक्साइडचं. नावात ‘दुर्मिळ’ असलं तरी यातलं सिरियम भूकवचात साधारण तांब्याइतकं आहे.

वाळू निवडणं त्यातल्या त्यात सोपं: जड दाणे पाण्याच्या धारेत वेगळे करायचे, मग चुंबक आणि विजेचा उच्च दाब वापरून मोनाझाइट काढायचा. तो बारीक दळून कॉस्टिक सोड्यात शिजवला की फॉस्फेट सुटतं. उरलेल्या गाळावर हायड्रोक्लोरिक आम्ल बेतानं घातलं, की दुर्मिळ मृदा विरघळतात आणि थोरियम बहुतेक मागे राहतं. आम्ल जास्त झालं तर तेही विरघळून येतं. किरणोत्सारी रेडियम बेरियम सल्फेटसोबत तळाशी बसवतात.

खरी डोकेदुखी यापुढे. या दुर्मिळ मृदा धातूंतल्या, लँथेनमपासून ल्युटेशियमपर्यंतच्या, पंधरा भावंडांची रासायनिक वागणूक जवळपास एकच. आयनांचा आकार तेवढा किंचित घटत जातो, शेजारच्या दोघांत जेमतेम एक टक्का. 1885 मध्ये व्हिएन्नात रसायनतज्ज्ञ कार्ल ऑयर यांनी तोवर एकच धातू समजल्या जाणाऱ्या ‘डिडिमियम’चे (ग्रीकमध्ये ‘जुळं’) स्फटिक पुन्हापुन्हा काढले आणि त्याचे दोन धातू निघाले: हिरवट क्षारांचं प्रासिओडिमियम, गुलाबी-जांभळ्या क्षारांचं निओडिमियम. मेंटलही याच गृहस्थाचं. पुढे चार्ल्स जेम्स यांनी शुद्ध थुलियमसाठी सुमारे 15,000 वेळा स्फटिकीकरण केलं. वाचूनच हात दुखतात.

आज हे काम रॉकेल करतं. रॉकेलात फॉस्फरसयुक्त सेंद्रिय आम्ल मिसळून धातूंच्या द्रावणाबरोबर घुसळायचं आणि थर निवळू द्यायचे. लहान आयन रॉकेलाकडे थोडे जास्त ओढले जातात. एका टाकीत फरक नगण्य पडतो, म्हणून शेकडो टाक्या ओळीने मांडतात आणि दोन्ही द्रवं उलट दिशांनी वाहवतात. अशा मांडणीचं गणित 1970 च्या दशकात चीनच्या शू ग्वांगशियान यांनी बसवलं. चीनच्या आजच्या दबदब्यात त्याचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे केरळातल्या अलुव्याच्या कारखान्यात हीच घुसळण चालते.

गंमत म्हणजे, ऑयर यांनी एवढ्या कष्टाने फोडलेली ती जोडी आता अनेकदा फोडतच नाहीत. मोटारींच्या चुंबकांना दोन्ही एकत्र चालतात, त्यामुळे बाजारात ती बऱ्याचदा एकाच पोत्यात विकली जाते.