फुटणाऱ्या तारेचा थंड गाभा

फ्यूजची तार कुठेतरी एका जागी वितळते, तुटते आणि प्रवाह थांबतो. तशाच बारीक तारेतून कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज काही मायक्रोसेकंदांत सोडली, तर ती अख्ख्या लांबीभर एकदमच तापते. वितळलेल्या धातूला थेंब होऊन गळायलाही वेळ मिळत नाही. तो जागच्या जागी उकळतो आणि कानठळ्या बसवणाऱ्या आवाजासह फुटतो. अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत जे. ए. अँडरसन यांनी १९२० साली या लखलखाटाचा वर्णपट तपासला. तापमान निघालं सुमारे २०,००० अंश. सूर्याचा पृष्ठभागही साधारण ५,५०० अंशांचाच असतो!

मग अख्ख्या तारेचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा तप्त वायू, होत असेल, असं कुणालाही वाटेल. पण निर्वातात तसं होत नाही, आणि मला या विषयातला सगळ्यात विलक्षण भाग हाच वाटतो. तापलेल्या तारेतून आधी पृष्ठभागाला चिकटलेले वायू आणि थोडी धातूची वाफ बाहेर पडते. तारेच्या दोन टोकांमधल्या विद्युतदाबामुळे या विरळ आवरणातले अणू आयनित होतात, म्हणजेच प्लाझ्मा तयार होतो. विजेला आता सोपी वाट मिळते. बहुतेक प्रवाह या आवरणातून धावू लागतो आणि आतला गाभा तापायचा जवळपास थांबतो. बाहेर लाखभर अंशांचा प्लाझ्मा, आत मात्र त्या मानाने थंड आणि दाट धातू! तारेवर विद्युतरोधक लेप दिला, की आवरण पेटायला उशीर होतो आणि गाभ्यात जास्त ऊर्जा शिरते.

याचा परिणाम मोठ्या यंत्रांतही दिसतो. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेच्या 'झेड' यंत्रात टंगस्टनच्या शेकडो तारांच्या पिंजऱ्यातून दोन कोटी अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो. एकाच दिशेने वाहणारे प्रवाह एकमेकांना ओढतात, त्यामुळे प्लाझ्मा मधल्या अक्षावर आदळतो आणि क्ष-किरणांचा प्रचंड झोत निघतो. पण थंड गाभ्यांतून धातू हळूहळू सुटत राहतो. काही आधीच आत पोहोचतो, काही मागे रेंगाळतो, आणि आदळण्याची धार बोथट होते.

हे गाभे दिसले तेही फुटणाऱ्या तारांच्याच उजेडात. दोन तारा फुलीसारख्या एकमेकींवर ठेवून फोडल्या, तर छेदबिंदूशी जेमतेम काही मायक्रोमीटरचा, नॅनोसेकंदाहूनही कमी काळ टिकणारा क्ष-किरणांचा ठिपका उमटतो. कॉर्नेल विद्यापीठात अशा ठिपक्यांच्या प्रकाशात काढलेल्या चित्रांमध्ये गाभ्यातली द्रव आणि वाफेची फेसासारखी रचना स्पष्ट दिसली.