टेकाडामागचे अष्टकोनी संडास आणि मातीतली जादू

अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी १८०६ मध्ये व्हर्जिनियात, लिंचबर्ग गावाजवळच्या आपल्या जमिनीवर एक अष्टकोनी घर बांधायला घेतलं, गर्दीपासून लांब निवांत राहता यावं म्हणून, त्याचं नाव पॉप्लर फॉरेस्ट. घरामागची हिरवळ खोलगट करताना जी माती निघाली तिची दोन बाजूंना दोन टेकाडं रचली, त्यांवर झाडं लावली आणि त्या टेकाडांच्या पलीकडे विटांचे दोन छोटे संडास बांधले. तेही अष्टकोनीच, वर घुमटासारखं छप्पर. ते अजून उभे आहेत. आपल्याकडे जुनी माणसं 'परसाकडे जाऊन येतो' म्हणायची ना, अगदी तसंच, जागा घरापासून लांब आणि नाव घ्यायचं तेही आडून. तिकडे या खोलीला 'नेसेसरी' म्हणायचे, म्हणजे गरजेची जागा.

जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन इस्टेटवरचा बागेजवळचा संडास वेगळ्या पद्धतीचा होता. तिथे बैठकीखाली लाकडी ड्रॉवर होते, भरले की ओढून काढायचे आणि रिकामे करायचे. आता हे ओढणार कोण? १७९९ मध्ये माउंट व्हर्ननवर ३१७ गुलाम माणसं होती, आणि इस्टेटीवरची असली सगळी कामं त्यांच्याच अंगावर पडायची. टेकाडं, झाडं, घुमट हे सगळं बघायला सुंदर आहे, पण त्या सौंदर्यामागे कुणाचे तरी हात रोज घाणीत होते हे सांगितल्याशिवाय या इमारतींबद्दल लिहिणं मला बरोबर वाटत नाही.

आता वासाचं. खड्ड्यात मैला, लघवी आणि पाणी एकत्र साचलं की आत हवा पोचत नाही, मग ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू वाढतात आणि हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा गॅस, तयार होतो. लघवीतल्या युरियाचा जिवाणूच अमोनिया करतात, तो नाकात झोंबतो. त्यात इंडोल आणि स्कॅटोल ही मैल्याच्या खास वासाची रसायनं असतातच. टेकाड मध्ये घालून नजर अडते, अंतर ठेवून वास जरा विरळ होतो, पण वास तयार होणं काही थांबत नाही.

ते थांबवायची युक्ती सापडली इंग्लंडमध्ये, आणि सापडली एका पाद्र्याला! हेन्री मूल हे डॉर्सेट परगण्यातल्या फॉर्डिंग्टनचे धर्मगुरू. १८४९ आणि १८५४ मध्ये तिथे कॉलरा आला, मूल आजाऱ्यांच्या घरी जात होते, दाटीवाटीची वस्ती आणि तिथली घाण डोळ्यांनी बघत होते. तिथली बरीच जमीन डची ऑफ कॉर्नवॉलची, म्हणजे ब्रिटिश राजघराण्याच्या जहागिरीची होती, म्हणून त्यांनी थेट राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट यांना पत्रं लिहून वस्तीची हालत कळवली. पुढे १८५९ च्या सुमारास त्यांनी स्वतःच्या घरचा मैल्याचा खड्डा बुजवून टाकला, घरच्यांना बादल्या वापरायला लावल्या आणि बादलीतला मैला बागेत चर खणून पुरायला सुरुवात केली. तीन-चार आठवड्यांनी उकरून बघतात तर मैल्याचा मागमूस नाही, वासही नाही, नुसती माती. मग तीच माती वाळवून परत वापरली, तरी तसंच! १८६० मध्ये त्यांनी अशा कोरड्या मातीच्या संडासाचं पेटंट घेतलं. बैठकीच्या मागे कोरड्या चाळलेल्या मातीची पेटी, दांडी ओढली की ठरावीक माती खाली पडणार. पाणी लागत नाही, पाइप लागत नाही, त्यामुळे नळ नसलेल्या इस्टेटींना आणि खेड्यांना ते फारच सोयीचं होतं.

पण मातीत होतं काय? कोरडी माती ओल शोषते, मातीच्या कणांमधून हवा खेळत राहते, त्यामुळे सडकं अंडंवाले जिवाणू मागे पडतात आणि ऑक्सिजनवर जगणारे पुढे येतात. चिकणमातीचे बारीक कण अमोनियम धरून ठेवतात आणि मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे झाडांना थेट खाता येतं. हे सगळं जिवाणू करतात हे मूल यांना माहीत असणं शक्यच नव्हतं. ते कळलं १८७७ मध्ये, जेव्हा श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू-चुनखडीने भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपवलं. पहिले वीसेक दिवस काहीच नाही आणि मग नायट्रेट यायला लागलं. क्लोरोफॉर्म सोडला की थांबलं, बागेतली ताजी माती मिसळली की पुन्हा सुरू! म्हणजे हे काम नुसतं रसायन करत नव्हतं, जिवंत सूक्ष्मजीव करत होते. मला हा प्रयोग जाम आवडतो, इतका साधा आणि इतका पक्का.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवायला हवी, वास गेला म्हणजे रोग गेला असं नाही. जंताची अंडी भयंकर चिवट असतात, त्यांच्या कवचात कायटिन नावाचा टणक पदार्थ असतो आणि ओल्या मातीत ती वर्षानुवर्षं टिकतात. अमेरिकेतल्या १८व्या-१९व्या शतकातल्या संडासांचे खड्डे उकरले तेव्हा त्यात गोल जंत आणि चाबूकजंतांची अंडी मायक्रोस्कोपखाली आजही ओळखू आली, श्रीमंतांच्या घरांच्या खड्ड्यांतसुद्धा. म्हणून मूल यांच्यासारखी तीच माती महिन्याभरात पुन्हा वापरणं किंवा भाजीला घालणं धोक्याचं. आपल्याकडच्या दोन शोषखड्ड्यांच्या संडासात एक खड्डा भरल्यावर वर्ष-दीड वर्ष तसाच बंद ठेवतात ते याचसाठी.

ही कोरड्या मातीची पद्धत इंग्रजांनी भारतातल्या तुरुंगांत आणि लष्कराच्या बराकींतही आणली, आणि इथेही मैला उचलायचं काम जातीने ठरवून ठेवलेल्या माणसांकडेच राहिलं. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात कैदी असलेल्या गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी हे सफाईचं काम मला करू द्या असं मागितलं, परवानगी नाकारली म्हणून त्यांनी अन्न सोडलं आणि येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषण केलं. नंतर अप्पांनी कणकवलीला गोपुरी आश्रमात मैल्याचं खत करणारे संडास बांधायला घेतले, ज्यात ताजा मैला कुणालाही हाताने उचलावा लागू नये.